पैकी जमा

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात लेख्याचे प्रकरण आहे. ऋणकोने जसजसे पैसे द्यावेत तसतसे ते मूळ लेख्याच्या पाठीवर लिहावेत, अथवा धनकोने स्वहस्ताच्या खुणेनिशी पावती द्यावी, असे त्यात सांगितले आहे. सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) कारकिर्दीत कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने मिताक्षरा रचली. सर्व ऋण एकदम फेडण्याचे सामर्थ्य नसेल तेव्हा शक्तीप्रमाणे द्यावे, असा या वचनाचा प्रसंग तो उलगडून दाखवितो.

आम्हांस या व्यवस्थेत दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. मूळ आकडा कोणी खोडीत नाही. तो पुढच्या बाजूस अखंड राहतो आणि फेड मागच्या बाजूस वाढत जाते. शिवाय लेखणी एकट्या धनकोच्याच हाती राहत नाही.

ती तशी राहिली म्हणजे काय होते, हे दख्खनने पाहिले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या रोख्यांची मुदत तीन वर्षांवर आली. ती टळू नये म्हणून सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहवून घेऊ लागले. निरक्षर कुणब्याने मधून मधून दिलेल्या धान्याची व रोकडीची नोंद मात्र सावकाराच्याच वहीत, झाली तर होई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला. लोकांनी विशेषेकरून रोखे आणि हुकूमनामेच हिसकावून जाळले. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने प्रत्येक भरण्याची लेखी पावती देणे सावकारावर बंधनकारक केले. याज्ञवल्क्याचे अर्धे वचन सरकारला पुन्हा लिहावे लागले म्हणा ना!

कर्ज निराळे आणि खर्चाचे थकलेले बिल निराळे, असे कोणी म्हणेल; पण भरण्याचा न्याय एकच. समजा, एका देवस्थानाकडे मांडववाल्याचे शिमग्याचे ५,००० रुपये थकले आहेत आणि त्यानंतरच्या जत्रेचे ८,०००. समितीने ३,००० दिले. ते कशापैकी? १८७२ च्या करार कायद्याची ५९ ते ६१ ही कलमे सांगतात : देणाऱ्याने सांगितले असेल त्या बिलापैकी; त्याने न सांगितल्यास घेणारा ठरवील; दोघेही गप्प राहिले तर आधी जुने देणे.

आजच्या संगणकी हिशेबात हाच प्रश्न यंत्र विचारते. बिल आले त्या दिवशी पूर्ण ८,००० खर्चाच्या नावे आणि मांडववाल्याच्या जमा पडावेत. दिलेले ३,००० त्याच्या नावे, रोकडीच्या जमा, आणि त्या बिलाशी जोडलेले असावेत. बाकी ५,००० यंत्रच काढते. परंतु कित्येक कारकून घाईत मूळ ८,००० चे ५,००० करून मोकळे होतात. मग खर्चातील ३,००० वहीतून नाहीसे होतात. उलट कोणी ते ३,००० नवा खर्च म्हणून लिहितो आणि खर्च ११,००० चा होतो!

१९६३ च्या मुदत कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे मुदतीत दिलेल्या अंशभरण्याने मुदत नव्याने सुरू होते. मात्र त्या भरण्याची कबुली देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी हवी. धनादेशावर सही असतेच. रोख दिलेले असल्यास मांडववाला आपली वही पुढे करून त्या ओळीखाली खजिनदारांची सही मागतो, तेव्हा खजिनदारांनी रागावू नये.