दुभंगलेले संसार, जुळलेले सूर

कलावंतांच्या प्रेमप्रकरणांची चर्चा म्हणजे रिकामटेकड्यांची करमणूक, असा समज सुशिक्षित घरांतून रूढ आहे. पुष्कळदां तो खराही असतो. तथापि जेथें प्रेमभंग व कलाकृति हीं एकमेकांपासून वेगळीं काढतांच येत नाहींत, तेथें त्या प्रकरणाकडे पाठ फिरविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. रॉक संगीताच्या इतिहासांतील ‘फ्लीटवुड मॅक’ ह्या वाद्यवृंदाची हकीकत अशीच आहे.

हा वृंद १९६७ सालीं लंडन येथें निघाला. ड्रमवादक मिक फ्लीटवुड व बास-गिटारवादक जॉन मॅकव्ही ह्यांच्या आडनांवांवरून त्यास हें नांव मिळालें. मॅकव्हीची पत्नी क्रिस्टीन ही गीतकर्त्री पुढें त्यांत आली. आणि १९७४ च्या अखेरीस लिंडसे बकिंगहॅम व स्टीव्ही निक्स हें अमेरिकन प्रेमी युगुल येऊन मिळालें. १९७६ च्या फेब्रुवारींत कॅलिफोर्नियांतील सॉसालिटो येथें ‘रूमर्स’, म्हणजे ‘वावड्या’, ह्या ध्वनिमुद्रिकेचें काम सुरू झालें. त्या सुमारास मॅकव्ही पतिपत्नी विभक्त झालीं होतीं, बकिंगहॅम व निक्स ह्यांचें नातें तुटत होतें, आणि फ्लीटवुडचाही संसार मोडकळीस आला होता.

अशा मंडळींनीं एकमेकांचें तोंड पाहूं नये, ही जगाची रीत. ह्यांनीं एकमेकांवरच गाणीं रचिलीं आणि तीं एकमेकांच्याच साथीनें उभीं केलीं! बकिंगहॅमच्या ‘गो युअर ओन वे’ मधील एका ओळीस निक्सनें हरकत घेतली. ओळ तशीच राहिली, आणि त्याच गाण्यास निक्सनें मागून सूर दिला. तिनें ‘ड्रीम्स’ रचून उत्तर दिलें, तर त्यास बकिंगहॅमच्याच गिटारीनें साज चढविला. क्रिस्टीननें नव्या प्रीतीवर लिहिलेल्या गीतांत बास वाजविला तो दुरावलेल्या पतीनें. तें गीत कुत्र्यावर आहे, असें तिनें त्यास सांगितलें होतें म्हणे!

१९७७ च्या फेब्रुवारींत निघालेली ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेंत ३१ आठवडे अग्रस्थानीं राहिली; पुढें तिच्या जगभर चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. परंतु आम्हांस महत्त्वाची वाटते ती न्यायाची गोष्ट. विरहगीतांत बहुधा एकाचीच फिर्याद ऐकूं येते; ज्याच्या हातीं लेखणी, त्याचाच निवाडा. येथें वादी व प्रतिवादी दोघेही एकाच तबकडीवर बोलतात.

हा न्यायही पुरता नव्हता. निक्सचें ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हें सर्वांत जिव्हारीं लागणारें गीत लांबीच्या सबबीवर वगळण्यांत आलें, आणि बकिंगहॅमच्या त्याच आरोपगीताच्या तबकडीच्या पाठीमागें त्यास जागा मिळाली. वीस वर्षांनीं, १९९७ सालीं, ‘द डान्स’ ह्या मैफलींत तिनें तें त्याच्या देखत, त्याच्याकडे पाहत गाइलें; साथीस गिटार त्याचीच होती.

दुःखानेंच कला फुलते, असा निष्कर्ष ह्यावरून काढूं नये. दुःख कोणास चुकलें आहे? दुर्मिळ आहे ती दुसऱ्याचें गाणें, मग तें आपल्याविरुद्ध कां असेना, मनापासून सुरांत लावून देण्याची निष्ठा. संसारांत जी ह्या मंडळींस साधली नाहीं, ती त्यांस गाण्यांत साधली. आणि ‘रूमर्स’ टिकली ती तिच्याच बळावर, असें आम्हांस वाटतें.