आठ व्हॉल्व्ह, पाच पोर्ट: घरी बसून हेड कोरायला शिकलेल्या लोकांची गोष्ट

आज सुरुवात एका हिशेबाने. चार सिलेंडरचं इंजिन आहे. प्रत्येक सिलेंडरला दोन व्हॉल्व्ह, एक हवा-पेट्रोल आत घेणारा आणि एक धूर बाहेर सोडणारा. म्हणजे व्हॉल्व्ह झाले आठ. मग सिलेंडर हेडच्या बाजूला भोकं, म्हणजे पोर्ट, किती हवेत? आठ, बरोबर? आज ज्या हेडबद्दल बोलणार आहे त्याला आहेत पाच. दोन इनटेकचे, तीन एक्झॉस्टचे. शेजारशेजारच्या सिलेंडरांनी एकाच नाकाने श्वास घ्यायचा!

हे हेड ब्रिटनच्या ए-सिरीज इंजिनाचं. १९५१ साली ऑस्टिन ए३० नावाच्या छोट्याशा गाडीत ते आलं, १९५९ मध्ये मिनीत बसलं, आणि ऑक्टोबर २००० मध्ये जुनी मिनी बंद होईपर्यंत तिच्यातच राहिलं. माझं म्हणणं असं की या अवघडलेल्या, काटकसरी हेडने जगातल्या सगळ्यात मोठ्या घरगुती इंजिनिअरिंग शाळांपैकी एक चालवली. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. भंगारातून एक हेड आणायचं आणि शेडमध्ये ड्रिल मशीन घेऊन बसायचं.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. हेड बिडाचं ओतलेलं असतं, त्यामुळे पोर्टच्या आतल्या भिंती खडबडीत, कुठे कोपरा, कुठे उंचवटा. पोर्टिंग म्हणजे त्या भिंती हाताने घासून, कोरून हवेची वाट सोपी करणं. इंजिनात हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते.

आता हवा कुठे अडते हे कळणार कसं? ती तर दिसत नाही. इथे एंट्री होते हॅरी वेस्लेकची. जन्म १८९७, इंग्लंडमधलं एक्सेटर. १९२० च्या दशकात त्याने एक साधी पण भन्नाट गोष्ट मनावर घेतली. हेड इंजिनवर चढवायचं, इंजिन चालवायचं, ताकद मोजायची, परत खोलायचं, हा उद्योग करायचाच कशाला? नुसतं हेड टेबलावर ठेवा, व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडा, त्यातून हवा खेचा आणि किती गेली ते मोजा. थोडक्यात, पूर्ण सिस्टीम डिप्लॉय न करता एका मॉड्यूलची युनिट टेस्ट. (सॉरी, दिवसभर बॅकएंडचा कोड लिहिते, उदाहरणं तिथलीच सुचतात.)

त्या काळात बेंटलीने त्याची मदत घेतली. मग विल्यम लायन्सच्या एसएस कंपनीने, म्हणजे पुढच्या जॅग्वारने. त्यांच्या अडीच लिटरच्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनाची ताकद सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर होती. वेस्लेकने त्यासाठी वरून व्हॉल्व्ह असलेलं नवीन हेड केलं आणि १९३५ मध्ये तेच इंजिन शंभरच्या वर गेलं. खालचा ब्लॉक साधारण तोच होता, बदललं होतं डोकं. १९४८ च्या जॅग्वार एक्सके इंजिनाच्या हेडवरही त्याचा हात फिरला. आणि आपल्या ए-सिरीजचा दहनकक्ष, म्हणजे जिथे ठिणगी पडते तो खळगा, तोही वेस्लेकचाच. आकार बदामातल्या बदामासारखा, म्हणजे पत्त्यातल्या. दोन व्हॉल्व्हच्या मधोमध भिंतीची एक चोच पुढे आलेली. ही चोच लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरून बरीच डोकेफोड आहे.

आता त्या सामाईक पोर्टकडे येऊ. मला या विषयाचं वेड लागलं ते इथेच.

या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२. पहिला आणि दुसरा सिलेंडर एका पोर्टवर, तिसरा आणि चौथा दुसऱ्या पोर्टवर. क्रम पुन्हा वाचा. दोननंतर लगेच एक. तीननंतर लगेच चार. म्हणजे शेजारी एकामागोमाग एक श्वास घेतात, मध्ये फक्त अर्ध्या फेरीचं अंतर. पण इनटेक व्हॉल्व्ह तर अर्ध्या फेरीपेक्षा जास्त वेळ उघडा असतो. मग होतं काय, आतल्या सिलेंडरचं पोट भरत आलेलं असतानाच बाहेरचा सिलेंडर त्याच पोर्टमधून ओढायला लागतो आणि शेजाऱ्याच्या ताटातलं पळवतो. त्यानंतर बराच वेळ पोर्टमध्ये सामसूम. दोन थ्रेड, एक रिसोर्स, लॉक नाही! ज्यांनी रेस कंडिशन रात्री दोन वाजता डीबग केली आहे त्यांना हे हेड लगेच आपलं वाटेल.

यात भर म्हणजे हे पोर्ट पुशरॉडच्या भोकांच्या मधून जातात. जरा जास्त रुंद केलं की भिंत फुटून पुशरॉडच्या नळीत. दुसरीकडे जरा खोल गेलं की वॉटर जॅकेट, म्हणजे पोर्टात पाणी. बिडाला कंट्रोल-झेड नसतो. एक मिलिमीटर जास्त गेला तर हेड भंगारात.

अशा हेडमधून ताकद काढायची कला ज्याच्यामुळे गाजली तो माणूस म्हणजे डॅनियल रिचमंड. सॅलिसबरीजवळच्या डाउनटन गावात त्याचं गॅरेज होतं, डाउनटन इंजिनिअरिंग. बायको बंटी त्याच्याबरोबरीने धंदा सांभाळायची. मिनी आली तेव्हा तिचं ८४८ सीसीचं इंजिन ३४ हॉर्सपॉवर द्यायचं. रिचमंडने हेड खोललं, पोर्ट आणि दहनकक्ष हाताने कोरले, आणि त्याच्या मिनी इतक्या पळायला लागल्या की खुद्द बीएमसी कंपनीने त्याला सल्लागार म्हणून घेतलं. कंपनीचीही स्वतःची वेगवान मिनी निघाली. १९६१ ची कूपर ५५ हॉर्सपॉवरची, १९६३ ची कूपर एस ७० ची. अर्थात त्यात मोठं इंजिन, दोन कार्ब्युरेटर असं बरंच काही होतं, सगळं श्रेय हेडला देऊन चालणार नाही. मग १९६४, ६५ आणि ६७ अशी तीनदा मॉन्टे कार्लो रॅली मिनीने जिंकली. १९६६ लाही पहिली आली होती, पण हेडलाइटच्या नियमावर बोट ठेवून बाद केली. तो वेगळा एपिसोड होईल.

मला रॅलीपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. डाउनटनचं ज्ञान होतं कुठे? कारागिरांच्या हातात. रिचमंडकडे काम केलेली पोरं बाहेर पडली आणि जिथे गेली तिथे तो हात घेऊन गेली. यान ओडोर तिथून निघाला आणि त्याने जॅनस्पीड सुरू केलं. रिचर्ड लाँगमननेही या लोकांत काम केलं आणि १९७८ व ७९ मध्ये मिनी १२७५ जीटी चालवून ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप जिंकली. पण तोवर खुद्द डाउनटन संपलं होतं. ज्याने त्या गॅरेजात उमेदवारी केली नाही, त्याने शिकायचं कुठे?

तो शिकला घरी. १२७५ सीसीच्या इंजिनांवर एक हेड यायचं, कास्टिंग नंबर १२जी९४०. तिथल्या भंगारवाल्यांकडे जाऊन लोक हा नंबर शोधायचे, जसे आपण जुन्या बाजारात आरएक्स १०० चे ओरिजिनल पार्ट शोधतो. मोठ्या व्हॉल्व्हचं हे हेड आणून ९९८ सीसीच्या इंजिनावर बसवायचं. पण तसंच बसत नाही, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताना ब्लॉकच्या काठाला आपटतो. मग ब्लॉकमध्ये तेवढ्यापुरता खळगा काढायचा. असे शंभर बारकावे. सुरुवातीला ते तोंडी फिरायचे, आणि त्यातले निम्मे चुकीचे असायचे.

सगळ्यात चिवट गैरसमज: भोक मोठं तर ताकद मोठी. ऐकायला पटतं. पण पोर्ट रुंद केला की हवेचा वेग पडतो आणि कमी आरपीएमला गाडी मेल्यासारखी चालते. दुसरा गैरसमज, आरशासारखं पॉलिश. फोटोला छान दिसतं. इनटेकमध्ये मात्र गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे ओघळ धरतात, थोडा खरखरीतपणा बरा. एक्झॉस्टमध्ये पॉलिश चालतं, काजळी कमी धरते.

मग फायदा आहे कुठे? बहुतेक शेवटच्या इंचभरात. व्हॉल्व्हच्या सीटच्या लगेच मागे, जिथे हवा वळून खाली उतरते. व्हॉल्व्ह गाइडचा पुढे आलेला उंचवटा, वळणाची आतली धार, सीटचे कोन. साधा ४५ अंशाचा कट असतो, त्याच्या आजूबाजूला ३० आणि ६० चे कट दिले की हवा अंगचटीने वळते. आणखी एक छोटं गणित आहे. व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या पाव भागाइतका उघडला की त्याच्या कडेने मिळणारी वाट व्हॉल्व्हच्या पूर्ण क्षेत्रफळाइतकी होते. त्याच्या आधी अडथळा सीटपाशी असतो. म्हणजे पोर्टचं दार महाल असून उपयोग नाही, उंबरठ्यावरच गर्दी.

हे सगळं घरच्या माणसाला कळलं कसं? त्याने वेस्लेकचं यंत्र घरी बनवलं! प्लायवूडची पेटी. हवा खेचायला व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरी. हवा मोजायला ठरावीक मापाचं भोक असलेली पट्टी, आणि दाब बघायला रंगीत पाणी भरलेली पारदर्शक नळी. ही नळी तिरकी ठेवली की पाणी थोडं चढलं तरी लांब सरकतं, वाचायला सोपं. दाब दुप्पट केला तर हवा दुप्पट होत नाही, साधारण १.४१ पट होते, म्हणून दरवेळी दाब तोच ठेवायचा. तुमचा आकडा प्रयोगशाळेशी जुळला नाही तरी चालतं. कालचं हेड आणि आजचं हेड, एवढाच फरक हवा असतो.

आणि कंट्रोल-झेडचं काय? त्यावरही उत्तर निघालं: पोरं खेळतात ती क्ले. ज्या कोपऱ्याबद्दल शंका आहे तो कापण्याआधी तिथे क्ले भरायची आणि मोजायचं. हवा कमी झाली नाही, म्हणजे तिथे वाट असण्या-नसण्याने काही बिघडत नव्हतं. मग तिथे कोरायचं कशाला? बीड कापायच्या आधी मातीत चुका करून घ्यायच्या. हे ज्याने पहिल्यांदा केलं असेल त्याला माझा दंडवत.

आता ती चोच. हवेला आड येते म्हणून लोक ती मागे सारायचे. पण घासलं की खळगा मोठा होतो आणि कॉम्प्रेशन पडतं. ९९८ सीसीच्या इंजिनात एका सिलेंडरचे २४९.५ सीसी. कॉम्प्रेशन ९ हवं तर वर साधारण ३१.२ सीसी जागा उरायला हवी. चोच घासताना दोनच सीसी वाढले की ९ चं होतं ८.५. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. म्हणून बारावीच्या लॅबमधलं ब्युरेट. खळग्यावर ग्रीस लावून काचेसारखी पट्टी चिकटवायची, बारीक भोकातून रॉकेल सोडायचं, चारही खळगे सारखे भरतात का बघायचं. नाही भरले तर कमी असलेला घासायचा, मग हेडचा तळ मशीनवर उतरवून कॉम्प्रेशन परत आणायचं.

डेव्हिड व्हिझार्ड या ब्रिटिश ट्यूनरने हे सगळं मोजून ए-सिरीजवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. कुठे किती कापायचं, कापून किती हवा वाढली, कुठे काहीच वाढली नाही. मिनीवाल्यांची ती पोथीच झाली. डाउनटनच्या गॅरेजात कधी पाय न ठेवलेला माणूसही आता आकडा समोर ठेवून काम करू शकत होता, आणि पुस्तकाशी भांडूही शकत होता.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आहे. ए-सिरीजचा थोरला भाऊ म्हणजे बी-सिरीज. त्याचंच १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आपल्या अॅम्बेसेडरमध्ये होतं. आमदार-कलेक्टरांच्या पांढऱ्या गाड्यांच्या बॉनेटखाली हेच कोडं होतं: दोन इनटेक, तीन एक्झॉस्ट, १-३-४-२. आपल्या मिस्त्रींनी ही हेडं आयुष्यभर खोलली, लॅप केली, सीट कापल्या. त्यांना काय काय कळलं होतं ते लिहिलं कुणी? मला तरी असं एक पान मिळालेलं नाही, आणि ते हात आता सत्तरीत आहेत.

पुण्यात मी ज्या काकांकडे जाते त्यांच्या गॅरेजच्या मागे अॅम्बेसेडरचं एक हेड पडलेलं होतं. गेले काही रविवार ते टेबलावर आहे. काका पोर्टमध्ये करंगळी घालतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "हितं अडतंय बघ." मी तिथे क्ले भरते, नळीतलं पाणी वाचते आणि वहीत दोन रकाने भरते: काका काय म्हणाले, पाणी काय म्हणालं. आत्तापर्यंत अकरा नोंदी झाल्यात. आठ ठिकाणी दोघांचं एकमत आहे. उरलेल्या तिनांवर काकांचं म्हणणं आहे की माझी पेटी गळते, म्हणून या रविवारी आधी पेटीचे सांधे सील करायचे आहेत.