निवडणं, पाखडणं, रोळणं

आमच्या घरी तांदूळ निवडायचं काम आजीकडे नव्हतं. एरवी घरातल्या म्हाताऱ्या बाईचं ते हक्काचं काम. पण आजीनं सूप पुढं ओढलं की आई ते तिच्या हातातून काढून घेई. "जल्मभर निवडलंत, आता पुरे." आजी मनसरजवळच्या एका मँगनीज खाणीत, मधली काही वर्षं वगळता, जवळजवळ चाळीस वर्षं हातोडी घेऊन बसलेली बाई. पुरुष खाली सुरुंग लावत, मोठे दगड फोडत. बायका वर उन्हात बसून ते आणखी बारीक करत आणि काळा गोटा एकीकडे, बाकीचा दुसरीकडे टाकत. काळ्याचा ढीग चौकोनी रचायचा. ठेकेदाराचा मुन्शी काठीनं तो मापायचा आणि मापावर पैसे. ढिगात फिकट गोटा दिसला की माप कापलं जाई. ते किती कापायचं हे मुन्शीच्या त्या दिवशीच्या मनावर असे, असं आजी म्हणायची.

1971 साली मी नागपूरला भूगर्भशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, तेव्हा घरात कुणालाच हा विषय काय आहे ते कळलं नाही. आजीला मात्र कळला. "म्हंजे गोटेच पाहाचे ना?" एवढं विचारून ती गप्प झाली.

पहिल्या सत्रात आम्ही खरोखरच गोटेच पाहिले. हातात घ्यायचा, वजनाचा अंदाज करायचा, नखानं नि चाकूनं ओरखडायचा, बिनझिलईच्या चिनीमातीच्या फरशीवर घासून कस पाहायचा. हेमाटाइटचा कस लालसर, पायरोलुसाइटचा काळा. मग बोरॅक्सच्या मण्याची परीक्षा: प्लॅटिनमच्या तारेच्या फाशात बोरॅक्स वितळवायचा, त्यात खनिजाची चिमूट घ्यायची आणि ज्योतीच्या बाहेरच्या भागात धरायचं. मँगनीज असेल तर मणी जांभळा होतो. हा मणी मला इतका आवडला, की पहिले काही दिवस मी लोखंडाच्या खनिजातही जांभळा शोधत होतो. टेबलावर वाडियांचं 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' असे. 1919 साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक, आणि आमच्या वेळीही ते वापरात होतं.

पहिल्याच प्रात्यक्षिक परीक्षेत मी आपटलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक काळाकुट्ट तुकडा हातात ठेवला. मी ठामपणे सांगितलं, सायलोमेलेन. त्यांनी हातोडी घेतली, टक्‌कन तुकडा फोडला आणि आतली बाजू माझ्यापुढं धरली. आत नारिंगी-तपकिरी दाणे चमकत होते आणि त्यांच्यामध्ये गारेचा पांढुरका रंग. तो होता गोंडाइट, म्हणजे स्पेसार्टाइन नावाचा मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांचा खडक. उघड्यावर पडून पडून त्याच्यावर मँगनीज ऑक्साइडची काळी साय चढते. सुट्टीत घरी हे सांगितलं, तर आजी हसली. "काळा दिसला म्हून ठेवाचा नसते बाबू. फोडाचा, मंग ठेवाचा."

गोंडाइट हे नाव ल्युइस ली फर्मोर या इंग्रज भूवैज्ञानिकानं दिलं. 1902 साली तो जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये आला. पुढची काही वर्षं त्यानं मँगनीजच्या मागे नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा पालथे घातले आणि 1909 मध्ये भारतातल्या मँगनीजच्या साठ्यांवर हजाराहून जास्त पानांचा ग्रंथ काढला. नावं देण्याची या गृहस्थाला भारी हौस. सर्व्हेचे प्रमुख हॉलंड, म्हणून झाबुआकडच्या एका खनिजाला हॉलंडाइट. सहकारी व्हरेडेनबर्ग, म्हणून नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या खनिजाला व्हरेडेनबर्गाइट. छिंदवाड्यातल्या सितापार गावावरून सितापाराइट, जो पुढं आधीच माहीत असलेला बिक्सबाइट निघाला. आणि या सगळ्यांच्या सोबतीला असणारा खडक गोंडांच्या नावानं. गोंडवन हे नाव तर आधीच एका खडकसमूहाला आणि पुढं एका अख्ख्या प्राचीन खंडाला मिळालं होतं. जगातल्या कुठल्याही भूगर्भशास्त्राच्या वर्गात हे नाव घ्यावंच लागतं. खाणीवर टोपली वाहणाऱ्यांत गोंड बाया-माणसं होती. आपल्या नावाचा गोटा फेकून द्यायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. (फर्मोरचा मुलगा पॅट्रिक पुढं प्रवासवर्णनकार म्हणून बापापेक्षा कितीतरी प्रसिद्ध झाला. आम्हाला मात्र तो माहीत नव्हता. आमचा फर्मोर एकच.)

नागपूर भागात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या 1900च्या आसपास. पोलादात टनामागे साधारण 6 ते 7 किलो मँगनीज लागतं. ते पोलादातल्या गंधकाला बांधून ठेवतं, नाहीतर तापवून ठोकताना पोलादाला चिरा जातात. युरोपातल्या भट्ट्यांना ते हवं होतं, आणि काही वर्षांतच भारत निर्यातीत रशियाच्या खालोखाल, कधी रशियाच्या पुढं गेला. पण रामटेकच्या डोंगरातून निघालेला दगड मुंबई बंदरापर्यंत रेल्वेनं न्यायचा आणि तिथून जहाजानं. गारेच्या दगडाचंही भाडं तेवढंच पडतं. भाव मात्र मिळतो तो टनातल्या मँगनीजच्या टक्क्यावर. म्हणजे पन्नाशीच्या आसपासचा माल असेल तरच भाडं निघून चार पैसे उरतात. आजीच्या हातोडीमागचं अर्थशास्त्र हे एवढंच. यंत्रापेक्षा बाईचा हात स्वस्त होता, म्हणून कित्येक वर्षं या खाणींवरचं सगळं 'मिनरल प्रोसेसिंग' बायकांच्या बोटांनी झालं. 1930 नंतरच्या मंदीत देशाचं उत्पादन पाव हिश्श्यावर आलं, खाणी पटापट बंद पडल्या, आणि आजी पुन्हा कापूस वेचायला शेतात गेली. "वेचाचं कामच लिवलं होतं," एवढंच ती त्याबद्दल बोलायची.

नागपुरात हे शास्त्र विद्यापीठाच्या कितीतरी आधी आलं. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये इथं आला. धर्मप्रचारात त्याला किती यश आलं ते त्याच्या मिशनला ठाऊक, पण टाकळीच्या चिखलदगडातून त्यानं जीवाश्म गोळा केले, नागपूरच्या भूगर्भावर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीसाठी निबंध लिहिला आणि गोंडांची गाणी-कथाही उतरवून ठेवल्या. 1863 साली टाकळघाटकडची प्राचीन दगडांची वर्तुळं पाहून परतताना तो नाल्याच्या पुरात बुडाला. त्याच वर्षी नागपूरचं संग्रहालय सुरू झालं. आपण ज्याला अजबबंगला म्हणतो, तेच.

या अजबबंगल्याची एक गोष्ट आमच्या वर्गात दर वर्षी सांगितली जाई, आणि ती खरी आहे. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल काढली. पुढं 1882 मध्ये चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोखंडावरचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोखंड लोहाऱ्याचं, कोळसा जवळच्या वरोऱ्याचा, असा बेत डोक्यात बसला. पण वरोऱ्याच्या कोळशाचा चांगला कोक होईना. वीस वर्षांनी अमेरिकेतून तज्ज्ञ आणून लोहाऱ्याची पुन्हा तपासणी झाली आणि बेत मोडला. ते सांगायला जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला ते समोरच्या अजबबंगल्यात शिरले, आणि तिथं भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता. दुर्गजवळ लोखंडाची गडद खूण. ती खूण होती प्रमथनाथ बोस या भारतीय भूवैज्ञानिकानं 1887 साली नोंदवलेल्या दल्ली-राजहरा डोंगरांची.

मंडळी तिकडे धावली. लोखंड उत्तम, पण जवळ कोळसा नाही. तेवढ्यात 1904 मध्ये त्याच बोसांचं मयूरभंजच्या लोखंडाबद्दलचं पत्र टाटांकडे गेलं आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. दल्ली-राजहरा पुढं भिलाईच्या वाट्याला आलं. आमचे सर ही गोष्ट सांगून झाली की म्हणत, नकाशा नीट रंगवा, कोण कधी येऊन उभा राहील सांगता येत नाही. मला त्यात वेगळंच दिसे. विदर्भाच्या हातून पोलादाचा कारखाना गेला, तो नकाशामुळे नव्हे. वरोऱ्याच्या कोळशामुळे.

नकाशाचं म्हणाल तर तो काढायला शिकवण्यासाठी आम्हाला देवलापारला नेत. तिथल्या खडकांत आल्प्सप्रमाणे थरावर थर उलटून सरकलेले आहेत, हे डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी 1936 मध्ये दाखवलं. हेच वेस्ट पुढं सर्व्हेचे प्रमुख झाले, निवृत्तीनंतर सागर विद्यापीठात शिकवायला गेले आणि शेवटपर्यंत सागरलाच राहिले. देवलापारचा आठवडा म्हणजे ब्रंटन कंपास, पाठीवर दगड आणि संध्याकाळी पिठलं-भात. त्यापलीकडे आज काही आठवत नाही.

आठवतो तो दुसऱ्या वर्षीचा एक विषय. नाव 'ओअर ड्रेसिंग'. घरी सांगितल्यावर काकूनं विचारलं, दगडाला मलमपट्टी? अख्ख्या एम.एस्सी.त या विषयाला जेमतेम अर्धा पेपर. खनिज कुठं सापडतं ते भूगर्भशास्त्र, त्याचा धातू कसा करायचा ते धातुशास्त्र, आणि मधला सगळा रस्ता या अर्ध्या पेपरात. गॉडिनचं 1939चं पुस्तक वाचनालयात एकच, तेही कायम कुणाकडे तरी अडकलेलं. ज्या शहरात 1948 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय आहे आणि 1962 पासून मॉइल ही मँगनीजची कंपनी आहे, त्या शहरात हे असं. हा विषय वेगळा शिकायचा तर बाहेरगावी जावं लागे. पुढं कर्नाटकात संडूरजवळ नंदिहळ्ळीला मिनरल प्रोसेसिंगचं स्वतंत्र एम.एस्सी. निघालं. संडूर म्हणजे घोरपड्यांचं मराठी संस्थान, 1949 पर्यंत टिकलेलं, आणि तिथंही मँगनीजच. घोरपड्यांना जमलं ते भोसल्यांच्या नागपूरला का जमलं नाही, हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारून पाहिला. लोक चहा मागवतात.

त्या अर्ध्या पेपरात जिग आला. पाण्यानं भरलेली पेटी, तळाशी चाळणी, चाळणीवर भरडलेलं खनिज. पाण्याला खालून धक्के द्यायचे. प्रत्येक धक्क्याला दाणे उचलले जातात, जड आधी खाली बसतं, हलकं वर राहतं. आकृती काढता काढता मी थांबलो. आजी रोळीत तांदूळ घालून पाण्यात हिंदकळायची, तांदूळ वरच्यावर निघत आणि खडे तळाशी राहत. हे रोळणंच होतं. विल्फ्ली टेबल म्हणजे पाणी सोडलेलं, हिसके देणारं सूप. कॉलोराडोच्या आर्थर विल्फ्लीनं ते 1890च्या दशकात काढलं, आणि आमच्याकडे घरोघरी ते बुरुडाकडून येतं.

पण प्रत्येक गोष्ट रोळता येत नाही. त्यासाठी एक साधं गणित आहे. जड खनिजाच्या घनतेतून पाण्याची वजा करायची, हलक्याच्या घनतेतूनही वजा करायची आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. ब्राउनाइट हे इथलं मुख्य मँगनीज खनिज, घनता 4.7 धरा. गार 2.65. भागाकार 2.24 येतो. फार बारीक नसेल तर जिग हे काम करतो. पण गोंडाइटमधल्या गार्नेटची घनता 4.2. भागाकार 1.16. सव्वाच्या खाली आलं की पाण्याची आशा सोडायची. गार्नेट ब्राउनाइटबरोबरच तळाला बसणार, आणि तुमच्या चांगल्या मालात सिलिका घेऊन येणार. चुंबक लावावं तर दोन्ही थोडी थोडी चुंबकाला ओढ खाणारी.

प्रबंधासाठी मी हेच घेतलं. एका खाणीतला टाकाऊ ढीग, वर्षानुवर्षं बायकांनी फेकलेला. तो भरडून, जिगवर चालवून त्यातून किती मँगनीज परत मिळतं ते पाहायचं. प्रयोगशाळेतला जिग लहानसा, त्याचा पट्टा दर तासाला निसटे. गार गेली. गार्नेट राहिला, गणितात होता तसाच. तळाला बसलेल्या मालाचं पृथक्करण करून आणलं तर सिलिकेचा आकडा पाहून मार्गदर्शक म्हणाले, हे लिहून टाका आणि मोकळे व्हा.

दिवाळीत घरी जाताना त्या मालातले हरभऱ्याएवढे खडे वेगळे करून पिशवीत भरून नेले. का, ते नीट सांगता येणार नाही. आजी तेव्हा सत्तरीला आलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. ओसरीवर ऊन होतं. मी सूप पुढं ठेवून पिशवी रिकामी केली. आई स्वयंपाकघरातून पाहत होती, पण या वेळी काही बोलली नाही. आजीनं खडे पसरले, मूठभर पाण्यात बुडवून काढले आणि बोट फिरवू लागली. ओल्या खड्यांवर गार्नेटचा नारिंगी रंग उठून दिसतो, हे मला तोवर सुचलं नव्हतं. एक एक करून ती बाजूला सारत गेली. शंका आली की खडा उन्हात फिरवून पाही, दोन-तीन वेळा पाट्यावर घेऊन वरवंट्यानं फोडलाही. तासाभरात सुपात दोन ढीग झाले. काळा मोठा, नारिंगी लहान.

मी दोन पुड्या बांधल्या, वर तारीख घातली. नागपूरला काळ्या पुडीचं पृथक्करण केलं, तेव्हा सिलिका खाली आली होती. आकडा प्रबंधात आहे. पद्धतीच्या रकान्यात मी 'हाताने वेचणी' असं लिहिलं आणि ते तसंच राहू दिलं गेलं.

पुड्या बांधत होतो तेव्हा आजी हात झटकत म्हणाली होती, "आन याचे पैसे कोन देईन?"

"कोणीच नाही आजी. हा अभ्यास आहे."

"बरं," ती म्हणाली. "मंग माप तरी कापू नको."