नाव सीचं, वळण जावाचं

जावास्क्रिप्टच्या मुलाखतींमध्ये हमखास निघणारा एक प्रश्न आहे. कॉन्स्ट लिहून आठवड्याच्या सात वारांचा ॲरे केला आणि पुढच्याच ओळीत पुश वापरून त्यात आठवा वार कोंबला, तर काय होईल? नवखा उमेदवार ‘एरर येईल’ म्हणतो आणि तिथेच सापडतो. एरर येत नाही. आठवडा मुकाट्याने आठ वारांचा होतो. सोमवारच्या जागी दुसरं काही लिहा, लेंग्थ शून्य करून सगळेच वार पुसून टाका, जावास्क्रिप्ट हूं की चूं करत नाही. त्याच नावाला नवा ॲरे द्यायला गेलात, तर मात्र टाइपएरर आलीच म्हणून समजा.

असं का, याचं उत्तर कॉन्स्टच्या कुळात आहे. आणि त्याची कुळं दोन आहेत.

पहिलं अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधलं. तिथे ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रप ‘सी विथ क्लासेस’ नावाची भाषा घडवत होते. तीच पुढे सी प्लस प्लस झाली. मेमरीचा एखादा तुकडा वाचता येईल की नाही आणि त्यावर लिहिता येईल की नाही, हे ऑपरेटिंग सिस्टिम दोन बिटांवरून ठरवते. ही सोय भाषेतच असावी म्हणून स्ट्रॉस्ट्रप यांनी १९८१ च्या जानेवारीत दोन शब्द सुचवले: रीडओन्ली आणि राइटओन्ली. बेल लॅब्जमध्येच सी भाषेचं काम पाहणाऱ्या गटाला पहिली कल्पना पटली, पण तिचं बारसं त्यांनी नव्याने केलं. रीडओन्लीचा कॉन्स्ट झाला. राइटओन्लीला कोणी विचारलंच नाही. १९८९ च्या ॲन्सी प्रमाणकाने कॉन्स्टला सीमध्ये अधिकृत जागा दिली. हा कॉन्स्ट टाइपचा भाग असतो. त्यामुळे सीमध्ये पूर्णांकांचा कॉन्स्ट ॲरे केला की त्यातला प्रत्येक पूर्णांक कुलूपबंद होतो आणि तो बदलू पाहणारी ओळ कंपाइलर अडवतो.

दुसरं कूळ जावाचं. तिथे ॲरे हा ऑब्जेक्ट आणि व्हेरिएबलमध्ये असतो तो त्याचा केवळ पत्ता. जावातलं फायनल हा पत्ता पक्का करतं. पत्त्यावर काय ठेवलंय, काय उचललंय, याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. गंमत म्हणजे जावाने कॉन्स्ट हा शब्दही राखून ठेवलाय, पण आजतागायत वापरलेला नाही.

१९९५ च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला, तेव्हा वरून हुकूम होता की भाषा दिसायला जावासारखी हवी. ऑब्जेक्ट पत्त्याने हाताळण्याची रीत तेव्हापासूनच भाषेत आहे. कॉन्स्ट मात्र नव्हता, फक्त व्हार होता. १९९७ च्या पहिल्या एक्मास्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टच्या, प्रमाणकात कॉन्स्ट दिसतो, पण भविष्यासाठी राखीव शब्दांच्या यादीत. प्रमाणकाची वाट न बघता मोझिलाने तो आणला आणि २००० साली आलेल्या नेटस्केप ६ मध्ये तो चालू लागला. तिथे कॉन्स्टला दुसरी किंमत द्यायला गेलं की ब्राउझर एररही देत नसे आणि किंमतही बदलत नसे. सफारीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ती चक्क बदलायची. इंटरनेट एक्स्प्लोररला तर २०१३ च्या अकराव्या आवृत्तीपर्यंत कॉन्स्ट कळतच नव्हता. एक कॉन्स्ट दिसला की अख्खी स्क्रिप्ट आडवी. एका शब्दाचे तीन ब्राउझरांत तीन अर्थ, मग शहाणी माणसं व्हारवरच राहिली.

प्रमाणकाची चौथी आवृत्ती भांडणांत अडकून २००८ मध्ये बारगळली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने कॉन्स्टला हात लावला नाही, पण ऑब्जेक्ट डॉट फ्रीझ दिलं. ॲरेला खरं कुलूप लावायचं तर ते हे. फ्रीझ केलेल्या ॲरेवर पुश केलं की टाइपएरर येते. थेट एखाद्या जागी लिहिलं तर स्ट्रिक्ट मोडमध्ये एरर, एरवी ते लिहिणं गुपचूप वाया. कुलूपही वरवरचंच: ॲरेच्या पोटातला दुसरा ॲरे मोकळाच राहतो.

मग २०१५ च्या जूनमध्ये सहावी आवृत्ती आली आणि कॉन्स्ट एकदाचा प्रमाणकात बसला. घोषणेबरोबरच किंमत द्यायची, महिरपी कंसाबाहेर नाव चालायचं नाही, पुन्हा किंमत दिली की टाइपएरर. प्रमाणकाच्या भाषेत इथे न बदलणारी गोष्ट म्हणजे ‘बाइंडिंग’, नाव आणि किंमत यांची गाठ. शब्द सीच्या घरचा आला, वागणं जावाच्या फायनलचं. माझ्या मते प्रमाणक ठरवणाऱ्या समितीने वागणं बरोबर निवडलं, कारण ॲरे गोठवणं ही त्या ॲरेची गोष्ट आहे, त्याच्या नावाची नव्हे. शब्द मात्र चुकला. सी शिकून आलेल्या माणसाने त्यातून वेगळं काही समजावं यात त्याचा दोष नाही. त्यात भर म्हणून सीच्या मॅक्रोंची आठवण देणारी, सगळी मोठ्या अक्षरांतली नावं अशा ॲरेंना देण्याची चाल आहे. ती अक्षरं म्हणजे ‘याला हात लावू नका’ ही सहकाऱ्यांना केलेली विनंती; इंजिन ती वाचत नाही.

गाठीपलीकडची हमी इतरांनी आपापल्या परीने द्यायचा प्रयत्न केला. टाइपस्क्रिप्टने २०१९ च्या ३.४ आवृत्तीत ‘ॲज कॉन्स्ट’ आणलं. ते मागे लावलं की ॲरेतला प्रत्येक घटक, आतल्या ॲरेंसकट, रीडओन्ली ठरतो. स्ट्रॉस्ट्रप यांचा टाकलेला शब्द असा वापरात आहे. पण ही तपासणी कंपाइल होईपर्यंतच. मूळ जावास्क्रिप्टमध्ये २०२३ साली टूसॉर्टेड आलं, जे मूळ ॲरे न हलवता क्रम लावलेला नवा ॲरे देतं. जुनं सॉर्ट कॉन्स्ट ॲरेचाही क्रम जागच्या जागी बदलून मोकळं होतं. चौकोनी कंसाआधी हॅश लावून लिहायच्या, जन्मतःच न बदलणाऱ्या ‘टुपल’चा प्रस्तावही समितीपुढे काही वर्षं होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो मागे घेतला गेला.