बटव्याचे कप्पे

मराठी माणसास खिसा केव्हा लाभला? प्रश्न क्षुल्लक वाटेल; परंतु आपल्या पूर्वजांचा दिनक्रम डोळ्यांपुढे आणू लागले की तो टाळता येत नाही. धोतर, उपरणे आणि लुगडे ही त्यांची नित्याची वस्त्रे. ती नेसावयाची आणि पांघरावयाची. त्यांस खिसा असावयाचा कोठून? पैसा कनवटीस लावावा, किल्ली पदराच्या गाठीत बांधावी, शेतातून आणलेली भाजी ओच्यात घ्यावी, अशी त्यांची व्यवस्था होती. ‘खिसा’ हा शब्ददेखील आपल्याकडे फारसीतून आला आणि त्या भाषेत ‘कीसा’ म्हणजे पिशवी. वस्त्राला कायमचा शिवलेला खिसा मागाहूनचा. जवळ बाळगावयाची सुटी पिशवी त्याच्या कितीतरी आधीची.

या पिशवीचा गोतावळा मोठा आहे. कमरेस बांधावयाचा पैशाचा ‘कसा’, पानतंबाखूची गुंडाळी करून ठेवावयाची ‘चंची’, वारकऱ्याच्या खांद्यावरची ‘पडशी’ आणि नाडी ओढून तोंड मिटावयाचा ‘बटवा’ ही त्यातली ठळक नावे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात चंची आणि बटवा या दोन्ही शब्दांस जागा मिळाली आहे. दरबारी व्यवहारात तर पिशवीने पत्रास आपले नाव दिले. अरबीत ‘खरीता’ म्हणजे थैली. राजेरजवाड्यांची पत्रे किनखापाच्या थैलीत घालून पाठवीत, म्हणून पत्रालाच खरीता अथवा खलिता म्हणू लागले. हे खलिते दप्तरांत जपले गेले आणि आमच्या इतिहाससंशोधकांनी ते वाचले. घरातल्या बायकांचे बटवे मात्र कोणी जपले नाहीत. कापड जुने झाले, विरले, त्याचे पोतेरे झाले. आमचे म्हणणे एवढेच की, बटवाही वाचता येतो. प्रत्येक कप्पा म्हणजे एका अडचणीची आगाऊ केलेली तरतूद असते. आणि कोणत्या काळी माणूस कशास भीत होता, हे त्या कप्प्यांवरून जितके नेमके कळते तितके ते बखरींतून कळत नाही.

प्रथम पुरुषांच्या चंचीकडे पाहू. शेतकऱ्याच्या चंचीत पानतंबाखूबरोबर चकमक, गारगोटी आणि चिमूटभर कापूस असे. पोलादाचा तुकडा गारगोटीवर घासून मारावा, ठिणगी कापसावर धरावी आणि फुंकर घालून विस्तव करावा. ‘चकमक’ हा शब्द मूळचा तुर्की. त्या ठिणग्यांवरूनच आपण लहानशा लढाईस चकमक म्हणतो. वस्तू गेली, पण लढाईच्या वर्णनात ती उरली आहे. रानात रात्र काढणाऱ्यास विस्तव नसणे ही सर्वांत मोठी अडचण. म्हणून चंचीत विस्तवाचा कप्पा आला.

ही तरतूद किती प्राचीन आहे, याचा पुरावा आपल्या देशापासून फार दूर सापडला. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वताच्या बर्फात, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचे शव मिळाले. त्याच्या कमरेस वासराच्या कातड्याचा पट्टा होता आणि त्या पट्ट्यावर एक लहान थैली शिवलेली होती. तीत गारेची खुरचणी, गारेची सामती, एक पातळ चिपा, हाडाची टोचणी आणि ठिणगी धरणारी वाळलेली बुरशी अशा वस्तू निघाल्या. बुरशीवर ठिणगी पाडणाऱ्या खनिजाचे कणही होते. याखेरीज भूर्जवृक्षावरच्या बुरशीचे दोन तुकडे त्याने चामड्याच्या पट्टीत ओवून बाळगले होते. ते औषध असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. कापणे, भोके पाडणे, शिवणे, विस्तव करणे आणि दुखणे शमविणे! पाच हजार वर्षांपूर्वीचा तो वाटसरू आणि आमचा चंचीवाला शेतकरी यांची एकमेकांशी कसलीही ओळख नाही. तथापि अडचणी सारख्या असल्यामुळे तरतूदही सारखी झाली.

स्त्रियांच्या बटव्यातील कप्पे याहून निराळे. तेथे घरादाराची काळजी भरलेली असे. पोटदुखीस ओवा, पडशास सुंठ, दाढ ठणकू लागली तर लवंग, मुरड्यास मुरडशेंग, जखमेवर हळकुंड, तान्ह्या मुलाच्या गुटीसाठी वेखंड, जायफळ आणि बाळहिरडा. त्यांच्या जोडीस सुईदोरा, स्वच्छ चिंधी आणि कोणास ठाऊक नसलेले दोनचार आणे. ‘आजीबाईचा बटवा’ हा वाक्प्रचार यावरूनच रूढ झाला. या वाक्प्रचारात औषधाइतकेच महत्त्व आजीबाईस आहे, हे आम्हांस विशेष वाटते. सुंठ कोणत्याही वाण्याकडे मिळते. ती केव्हा, किती आणि कोणास द्यावी, हे ज्ञान आजीबाईपाशी असे. आणि त्या आण्यांचा कप्पाही विसरू नये. ज्या काळी स्त्रीच्या हाती घराचा व्यवहार नव्हता, त्या काळी बटव्याची नाडी तेवढी तिच्या हाती होती.

परंतु जुन्याचा अभिमान धरताना सत्य झाकणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाही. बटव्यात जे जे होते ते ते हितकरच होते, असे मुळीच नाही. गिरण्यांच्या मुंबईत कामावर जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्या मुलास अफूची ‘बाळागोळी’ देऊन निजवीत असत. तोही बटव्यातलाच कप्पा होता आणि मूल कोणापाशी ठेवावे, ही त्या आयांची अडचण त्यात लिहिलेली आहे. लवंगेच्या तेलाचा उपयोग दंतवैद्य आजही करतात. बाळागोळीचे नाव आज कोणी घेऊ नये. बटवा वाचावयाचा तो असा, निवड करून.

आम्हां माळव्यातल्या मराठी माणसांस हा विषय आणखी एका कारणाने जवळचा आहे. आमची घराणी अठराव्या शतकात आणि पुढे होळकर-शिंद्यांच्या मागोमाग दक्षिणेतून येथे आली. वाट लांबची, नद्या मोठ्या, मुक्काम परके. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत याच मुलखात आले. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून ते दक्षिणेच्या आशेने निघाले होते. मिळविलेले द्रव्य लुटीत गेले. गंगेच्या पाण्याची कावड मात्र त्यांनी घरी पोचविली. १९०७ साली छापून प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ वाचताना त्या काळच्या वाटेचे भय अंगावर येते. अशा वाटेवर गाडीतले सामान परक्याचे होण्यास वेळ लागत नसे. अंगाशी बांधलेले तेवढेच आपले.

येथे आल्यावर बटव्यास शेजारही चांगला मिळाला. बेगमांच्या भोपाळात जरीकामाचे आणि मण्यांनी मढविलेले बटुवे नावारूपास आले. आजही ते तेथील बाजाराचे भूषण आहेत. आमच्या घरचा बटवा इतका नटवा नव्हता. खणाचा उरलेला तुकडा वर आणि जुन्या महेश्वरी लुगड्याचे मऊ अस्तर आत, एवढेच त्याचे वैभव.

मग हा बटवा गेला कोठे? त्यास कोणी हद्दपार केले नाही. त्याचे कप्पे एकेक करून रिकामे झाले. आगपेटी आली, चकमक गेली. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी १८४९ साली सेफ्टी पिनेचे पेटंट घेतले. ती पुढे आपल्याकडे पोचली आणि बांगडीतच अडकून राहू लागली. सदऱ्यास खिसे आले, गावात दवाखाना आला, बायकांच्या हाती पर्स आली. या प्रत्येक बदलाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु कप्प्यांबरोबर आगाऊ विचार करण्याची सवयही गेली. अडचण आली की कोणीतरी, कोठूनतरी, काहीतरी आणून देईल, असा एक भरवसा आपल्या अंगी बाणला.

या भरवशाचे मोल आम्हांस मांडूच्या एका सहलीत कळले. शाळेची शंभरावर मुले, बरोबर सहा शिक्षक आणि प्रथमोपचाराची एक मोठी पेटी. रूपमतीच्या मंडपाची चढण चढताना आठवीतील एक मुलगी मध्येच खाली बसली. ती काही बोलेना, उठेना. तिला चक्कर आली असावी, असे समजून आम्ही पेटी मागविली. पेटी आली, तिला कुलूप होते आणि किल्ली इंदूरास, आमच्या टेबलाच्या खणात! किल्ली आपण घ्यावयाची राहिली, हे आम्ही सर्वांसमक्ष कबूल करीत असता शाळेच्या वृद्ध सेविकाबाई पुढे झाल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “सर, किल्लीचं राहू द्या. तुम्ही पोरांना घेऊन पुढे चला. आम्ही दोघी मागून येतो.” तेव्हा कोठे प्रकार आमच्या ध्यानी आला. मुलीस महिन्याची अडचण प्रथमच आली होती. सेविकाबाईंनी कमरेचा बटवा सोडला. त्यात धुऊन घडी केलेले कापड होते, दोन पिना होत्या, ओवा होता. अर्ध्या तासाने दोघी वर आल्या आणि मुलगी इतर मुलींत मिसळून गेली. आमची पेटी उघडी असती तरी उपयोग नव्हता. परत आल्यावर ती उघडून पाहिली. तीत आयोडीन होते, पट्ट्या होत्या, कात्री होती. पण त्या मुलीच्या अडचणीचा कप्पाच नव्हता. ती पेटी पुरुषांनी भरली होती.

त्यानंतर आम्ही सेविकाबाईंस वर्गावर बोलाविले आणि आठवीच्या मुलामुलींस बटवा शिवावयास शिकविण्याची विनंती केली. त्यांची रीत येथे नोंदवून ठेवतो. साधारण दीड वीत व्यासाची दोन वर्तुळे कापावीत, एक वरच्या कापडाचे व एक अस्तराचे. एक वीत व्यासाचे तिसरे वर्तुळ घेऊन त्याची कड दुमडून शिवावी आणि ते अस्तराच्या सुलट बाजूवर मधोमध ठेवावे. मध्ये रुपयाहून थोडे मोठे कडे टिपेने शिवावे आणि त्या कड्यापासून लहान वर्तुळाच्या कडेपर्यंत आठ सरळ टिपा घालाव्यात. आठ कप्पे तयार होतात. वरच्या कापडावर कडेपासून दोन बोटे आत, समोरासमोर दोन काजी करावीत. मग वरचे कापड आणि अस्तर सुलट बाजू आत ठेवून शिवावे, चार बोटे जागा मोकळी ठेवून उलटवावे आणि ती जागा बारीक टाक्यांनी मिटवावी. काज्यांच्या वर व खाली एकेक गोल टीप घातली की नाडीसाठी नेफा होतो. दोन नाड्या घ्याव्यात. एक एका काजातून घालून पूर्ण फिरवून तेथूनच काढावी, दुसरी समोरच्या काजातून. टोकांस गाठी माराव्यात. दोन्ही नाड्या विरुद्ध दिशांस ओढल्या की तोंड मिटते आणि आपोआप उघडत नाही. काम धावदोऱ्याने झाले तरी चालेल; नाडीचा ताण येतो तेथे मात्र उलटी टीपच हवी.

आठ कप्प्यांत काय ठेवावे, हे आम्ही सांगितले नाही. मुलांनीच ठरवावे, असे म्हटले. सुईदोरा, पिना, जखमेची पट्टी, सुटे पैसे, घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद आणि मुलींसाठी पॅड एवढे बहुतेकांनी योजले. एका मुलाने क्षारसाखरेची पुडी ठेवली, तेव्हा आम्ही त्या वर्गास तिचा इतिहास सांगितला. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा प्रमाणात मिसळून पिशव्या भरविल्या व ते पाणी रुग्णांच्या आप्तांकरवी पाजविले. असंख्य प्राण वाचले. आज तशी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवितात, पुडी नसेल तर तेवढ्याच पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालते, चमचा चहाचा. आजीबाईच्या बटव्याचा खरा वारस कोण, असे कोणी विचारले तर आम्ही या पुडीकडे बोट दाखवू. वस्तू साधी आहे. परंतु प्रमाण ठाऊक असलेला माणूस जवळ हवा, ही जुनी अट येथेही आहे.

अध्यापकबंधूंस आणि भगिनींस आमची सूचना आहे. आपल्या विद्यार्थ्यांस घरातील जुना बटवा, चंची अथवा कसा शोधावयास सांगावे आणि त्यातील कप्पे कशासाठी होते, हे आजीस विचारून लिहून आणावयास सांगावे. आजी आहे तोवरच हे दप्तर उघडे आहे. आमच्या सेविकाबाई आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या बटव्याच्या आठव्या कप्प्यात काय असे, हे विचारावयाचे आमच्याकडून राहून गेले होते. निरोपाच्या दिवशी विचारले. त्या म्हणाल्या, “तो रिकामाच ठेवायचा, सर. काय लागेल ते आधी कुठं ठाऊक असतं?”

शाळेच्या पेटीचे कुलूप आम्ही काढून टाकले आहे.