दोन फर्लांगांचे कुळ: पिकअप ट्रक आणि पाव मैलाचे सेकंद

ड्रॅग रेस म्हणजे दोन वाहनांनी उभ्या स्थितीतून निघून सरळ रस्त्यावर पाव मैल अंतर कापण्याची शर्यत. आणि अमेरिकेत एखाद्या पिकअप ट्रकच्या ताकदीचा विषय निघाला की अश्वशक्तीच्या छापील आकड्यापेक्षा अधिक विश्वासाने सांगितला जातो तो हे अंतर कापायला त्याला लागलेल्या सेकंदांचा आकडा. पाव मैल म्हणजे 1320 फूट, अर्थात 402 मीटरांहून किंचित अधिक. मैलाचे दगड पाहिलेल्या मराठी वाचकाला ते दोन फर्लांग म्हणून ओळखता येईल. फर्लांग हे माप इंग्रजीत नांगराच्या एका तासाच्या लांबीवरून आले. मराठीत ‘तास’ हा शब्द नांगरटीतल्या रेघेला आणि घड्याळातल्या काळाला सारखाच लागतो, हा निव्वळ योगायोग असला तरी अंतराचे माप काळात सांगणाऱ्या या विषयाला तो साजेसा आहे.

या अंतरावर शर्यत लावण्याची अमेरिकी रीत मोटारींच्या कितीतरी आधीची, घोड्यांची आहे. सतराव्या शतकातील व्हर्जिनिया वसाहतीत इंग्लंडसारखी लांब, मोकळी मैदाने नव्हती. झाडी तोडून दोन घोडे शेजारी शेजारी धावू शकतील अशा सरळ वाटा तयार केल्या जात आणि त्यांवर सुमारे पाव मैलाच्या शर्यती लागत. तंबाखू हेच तिथले चलन असल्यामुळे पैजाही तंबाखूच्याच होत. 1674 साली यॉर्क परगण्याच्या न्यायालयाने जेम्स बुलॉक नावाच्या शिंप्याला, त्याने आपल्या घोडीची दोन हजार पौंड तंबाखूच्या पैजेवर शर्यत ठरवल्याबद्दल, शंभर पौंड तंबाखूचा दंड केला, कारण शर्यत हा केवळ सभ्य गृहस्थांचा खेळ असून कष्टकऱ्याने तो खेळणे बेकायदा होते. अशा आखूड धावेत तरबेज असलेल्या घोड्यांच्या जातीला पुढे ‘क्वार्टर हॉर्स’ हे नाव पडले.

मोटारींच्या ड्रॅग रेसने हे अंतर घोड्यांकडून उचलले असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ते विमानतळांच्या धावपट्ट्यांनी ठरवले. दुसऱ्या मताकडे झुकावे असे कारण परिस्थितीतच दिसते. 1930च्या दशकात कॅलिफोर्नियातील हौशी तरुण मुरॉक, एल मिराज यांसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर गाड्या पळवत, पण तिथे मोजला जाई तो कमाल वेग, आणि तो गाठायला मैलांचे मैदान लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर शर्यती विमानतळांच्या धावपट्ट्यांवर आणि जोडरस्त्यांवर आल्या, तेव्हा वेग वाढवायला आणि नंतर गाडी थांबवायला अशी दुहेरी जागा त्याच मर्यादित लांबीत बसवणे भाग पडले. 1950 साली सी. जे. हार्ट यांनी ऑरेंज काउंटीच्या विमानतळावर सुरू केलेल्या सांता आना येथील शर्यती या खेळातील पहिल्या व्यावसायिक शर्यती समजल्या जातात. 1951 साली ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली, आणि पाव मैल हे अंतर देशभर रूढ झाले.

हे सेकंद नेमके कशाचे, हे समजून घेणे आवश्यक आहे. सुरुवातीच्या रेषेवर प्रकाशाचा एक किरण आडवा सोडलेला असतो. पुढचे चाक त्या किरणातून बाहेर पडले की घड्याळ सुरू होते आणि शेवटच्या रेषेवरचा किरण तुटला की थांबते. हिरवा दिवा लागल्यावर चालकाने घेतलेला विलंब वेगळा नोंदवला जातो, तो या काळात धरला जात नाही. चाक किरणातून बाहेर पडेपर्यंत गाडी साधारण फूटभर पुढे सरकलेली असते आणि ही सूट मोठ्या व्यासाच्या चाकाला अधिक मिळते, म्हणजे पिकअपला त्याच्या अवजड चाकांचा एवढा तरी फायदा होतो. वेळेच्या चिठ्ठीवर पहिल्या 60 फुटांचा काळ आणि अखेरच्या 66 फुटांतील सरासरी वेगही छापलेला असतो. जाणकार आधी 60 फुटांचा आकडा वाचतात.

पिकअपची स्वतःची वंशावळ मात्र कष्टाची आहे. फोर्डने 1925 साली मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागे हौदा बसवून ती 281 डॉलरला विकायला काढली, तेव्हा तिच्या 20 अश्वशक्तीकडून माल वाहण्यापलीकडे अपेक्षा नव्हती. मालवाहू वाहन वेगवान होण्यास पुढे कायद्याचाही हातभार लागला: 1970च्या दशकात धुराच्या नियमांनी मोटारींची इंजिने मंदावली असताना एकूण भारक्षमता 6000 पौंडांहून अधिक असलेल्या ट्रकांना सवलत होती, आणि 1978च्या डॉज लिल रेड एक्स्प्रेस या पिकअपने तिचा पुरेपूर लाभ उठवला. 1991 साली ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने 280 अश्वशक्तीचा जीएमसी सायक्लोन पिकअप फेरारी 348 समोर उभा केला. पाव मैलाला पिकअपला 14.1 सेकंद लागले, फेरारीला 14.5, परंतु शेवटच्या रेषेवर पिकअपचा वेग ताशी 93 मैल होता आणि फेरारीचा 99. हरणारी गाडी अधिक वेगात होती! चारही चाकांना मिळणाऱ्या शक्तीमुळे पिकअपने सुरुवातीलाच मिळवलेली आघाडी भरून काढायला फेरारीला रस्ता पुरला नाही.

मालक आपल्या पिकअपमध्ये करतात त्या किरकोळ फेरफारांचे गणितही सेकंदांतच उलगडते. संपूर्ण धावेत शक्ती एकसारखी धरली तर पाव मैलाचा काळ हा वजनाला शक्तीने भागून येणाऱ्या संख्येच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे मोकळा सायलेन्सर, हवेची रुंद नळी आणि इंजिनच्या संगणकातील बदल यांनी शक्ती दहा टक्के वाढली, तरी 15.5 सेकंद 15.0 वर येतात, त्याखाली नाही. शिवाय रिकाम्या हौद्यामुळे पिकअपच्या मागील चाकांवर भार कमी असतो, आणि माल पेलण्यासाठी बसवलेले स्प्रिंगचे पाटे जोरात निघताना पिळवटतात, ज्यामुळे चाके जमिनीवर उड्या मारू लागतात. म्हणून इंजिनवर खर्च करण्याआधी चांगले टायर आणि पाट्यांना आवर घालणाऱ्या पट्ट्या घेणे शहाणपणाचे ठरते, जरी मालकांचा ओढा सहसा आवाज वाढवणाऱ्या सायलेन्सरकडे असतो.

2008 साली एका जीवघेण्या अपघातानंतर ड्रॅग रेसमधील सर्वांत वेगवान दोन वर्गांची धाव 1000 फुटांवर आणली गेली. पाव मैल सामान्य वाहनांकडे मात्र टिकून राहिला. ‘ब्रॅकेट’ पद्धतीच्या शर्यतीत मालक आपली वेळ आधीच जाहीर करतो, दोन जाहीर वेळांतील फरकाएवढी आघाडी संथ वाहनाला दिली जाते, आणि जाहीर वेळेपेक्षा लवकर पोहोचणारा सामान्यतः बाद होतो. त्यामुळे 15.5 सेकंदांचा पिकअप 11 सेकंदांच्या मोटारीला हरवू शकतो, आणि त्याचा अनुभवी चालक, आपण पुढे आहोत याची खात्री पटताच, शेवटच्या रेषेच्या अलीकडे ब्रेकवर पाय ठेवतो.