अराकू कॉफी

पूर्व घाटातील अराकू खोऱ्यात (आंध्र प्रदेश) आदिवासी अल्पभूधारकांनी पिकवलेली अरेबिका जातीची कॉफी. विशाखापट्टणमच्या वायव्येस, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० ते १,१०० मी. उंचीवर या बागा आहेत. ‘बाग’ म्हटल्यावर कर्नाटकातील चिकमगळूरचे मोठे मळे डोळ्यांपुढे येतात. इथे मात्र एकेका घराची एक-दोन एकर उतारावरची जमीन, वर सिल्व्हर ओकची सावली आणि त्याच खोडांवर चढवलेले मिरीचे वेल. पूर्वी याच डोंगरांवर जंगल तोडून, जाळून ‘पोडू’ ही फिरती शेती होई.

नांदी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने येथील शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. दर्जाचा खरा प्रश्न तोडणीत होता. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी आणि लाल फळे एकत्र असतात. फांदी ओरबाडली की काम झटपट उरकते, पण कच्च्या फळांमुळे पेयाला तुरटपणा येतो. म्हणून फक्त लालबुंद फळे हाताने वेचतात, त्यासाठी त्याच झाडाकडे अनेकदा फिरून यावे लागते. फळे पाण्यात टाकली की पोकळ व किडकी वर तरंगतात; ती काढून टाकतात. उरलेल्यांची साल काढून, बियांवरचा चिकट गर आंबवून धुतात आणि बिया उंच मांडवावर वाळवतात. चवीच्या परीक्षेत शंभरपैकी किमान ८० गुण मिळवणारी कॉफीच ‘स्पेशालिटी’ गणली जाते.

२०१७ मध्ये पॅरिसमध्ये याच कॉफीचे ‘अराकू’ नावाचे दुकान उघडले. ‘अराकू व्हॅली अरेबिका’ला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.